कुत्र्याला भाकरी-दूध पुरते का?

करमाळा तालुक्यातील जेऊर आणि आसपासचा भाग ज्वारीचा आहे. त्यामुळे दुधात कुस्करलेली भाकरी हाच इथल्या पाळीव कुत्र्याचा नेहमीचा आहार. हल्ली मात्र 'कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य देऊच नये' असे सांगणारेही भेटतात. ते तितकेसे खरे नाही. २०१३ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की, पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच असतात, तर कुत्र्यात त्याच्या कितीतरी पट. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगता जगता झालेला हा बदल. शिजवलेली ज्वारी कुत्र्याला चांगली पचते.

अडचण आहे ती प्रथिनांची. साधारण २० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला हजारेक कॅलरी लागतात. प्रत्येकी १०० ग्रॅम पिठाच्या तीन भाकरींतून तेवढ्या मिळतात, पण प्रथिने जेमतेम ३० ग्रॅम. कपभर दुधाने आणखी ६-७ ग्रॅम वाढतात. अमेरिकेतील पशुखाद्याच्या मानकानुसार दर हजार कॅलरीमागे किमान ४५ ग्रॅम हवीत. शिवाय ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. म्हणजे पोट भरते, पण कुत्रा रोडावतो आणि केस निस्तेज होतात. (जंत झाले तरी असेच दिसते, ते आधी तपासून घ्या.)

उपाय घरातच आहे. दोन भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि १०० ग्रॅम शिजवलेले बिनहाडाचे चिकन दिले, की कॅलरी तेवढ्याच राहतात आणि प्रथिने ५५ ग्रॅमच्या पुढे जातात. उजनीच्या पाण्यातली चिलापी स्वस्त मिळत असेल, तर ती उकडून काटे काढून चालते. शाकाहारी घरात अंडी नसतील, तर घट्ट वरण आणि पनीर द्या. डाळीतले लायसिन ज्वारीची उणीव भरून काढते. मोठ्या कुत्र्याला दुधाने जुलाब होत असतील, तर त्याऐवजी दही द्या.

भाकरी आणि मांस दोन्हींत कॅल्शियम कमी असते. प्रौढ कुत्र्यासाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड रोज अर्धा चमचा घालता येते. पिल्लांना मात्र असे अंदाजाने काही देऊ नका. त्यांच्या हाडांना कॅल्शियम कमी पडले तरी अपाय आणि जास्त झाले तरी अपाय. वाढ पूर्ण होईपर्यंत पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे, किंवा पशुवैद्यकाकडून वजनानुसार आहार ठरवून घ्यावा.

कालवण, मिसळीचा रस्सा हे कुत्र्याच्या ताटात नको. त्यातला कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतो, शिजवला तरीही. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. बागेत राखणीला कुत्रा ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. शिजवलेली कोंबडीची हाडे अणकुचीदार तुटतात आणि आतडे फाडू शकतात.

आहार बदलताना आठवडाभर जुन्यात थोडे थोडे नवे मिसळत जा.