सुरी लागण्याआधीचा एक तास

मागच्या वर्षी माझ्या आत्याच्या मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टर भेटायला आल्या. म्हणाल्या, "उद्या आत नेल्यावर, सुरी लावायच्या आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन देऊ." आत्यानं लगेच विचारलं, "अहो, अजून जखमच नाही, तर औषध कशाला?" डॉक्टर हसल्या. "म्हणूनच तर!"

त्या दोन शब्दांमागचा इतिहास शोधत गेलो, त्यातून आजचा भाग तयार झाला.

आधी अडचण काय होती ते बघू. 1867 साली जोसेफ लिस्टरनं कार्बोलिक ॲसिड वापरून शस्त्रक्रियेतल्या जखमा सडण्यापासून वाचवल्याचं जगाला सांगितलं. त्यानंतर हत्यारं, हात, कपडे सगळं स्वच्छ होत गेलं. पण आतड्याच्या ऑपरेशनमध्ये शत्रू बाहेरून येतच नाही, तो घरातच बसलेला असतो. मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात 10,000 कोटींच्या घरात जिवाणू असतात. आतडं कापलं की त्यातले काही पोटात आणि जखमेत सांडणारच. डॉक्टर कितीही कुशल असो.

1940 च्या दशकात एडगर पोथ यांच्यासारख्या अमेरिकी सर्जननी एक वाट काढली. रक्तात फारशी न शोषली जाणारी, आतड्यातच राहणारी सल्फा औषधं आधी पोटातून द्यायची. पुढे पेनिसिलिन आणि त्याची भावंडं आली. मग काय, ऑपरेशन झालं की पुढचे कित्येक दिवस इंजेक्शनं सुरू. आणि गंमत बघा, अशा पद्धतीनं जखमा पिकायचं प्रमाण काही कमी होईना. 1950 च्या दशकात अनेक सर्जननी निष्कर्ष काढला की याचा उपयोग नाही, उलट औषधांना न जुमानणारे जिवाणू तेवढे वाढतात.

औषध चुकलं नव्हतं. वेळ चुकत होती. हे दाखवलं गिनीपिगनी.

बॉस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये ॲशली माइल्स यांच्याबरोबर काम केलं होतं. बर्क यांनी गिनीपिगच्या त्वचेत जिवाणू टोचले आणि पेनिसिलिन वेगवेगळ्या वेळी दिलं. कुणाला आधी, कुणाला त्याच वेळी, कुणाला काही तासांनी. 1961 साली निकाल छापून आला. औषध आधीच शरीरात असेल, तर जणू मेलेले जिवाणू टोचावेत इतकीच सूज यायची. तीन तास उलटून गेले की मात्र औषध देणं आणि न देणं सारखंच! म्हणजे वॉर्डात परत आल्यावर दिलेलं पहिलं इंजेक्शन ही गाडी सुटल्यावर काढलेली तिकिटं होती.

1969 मध्ये पोल्क आणि लोपेझ-मेयर यांनी हे माणसांवर तपासलं. पोटाच्या ऑपरेशनआधीच औषध सुरू केलं, मोजकेच डोस दिले, आणि जखमेचा संसर्ग स्पष्टपणे घटला.

एक धागा अजून सुटत होता. आतड्यातले बहुसंख्य जिवाणू प्राणवायूशिवाय जगणारे. त्यांच्यावर चालणारं औषध हवं होतं. ते मिळालं योगायोगानं. मेट्रोनिडॅझोल मुळात योनीमार्गातल्या एका परजीवीवरचं औषध. 1962 साली लक्षात आलं की ते घेताना हिरड्यांचा आजारही बरा होतो. कारण तिथेही हेच, प्राणवायू नको असणारे जिवाणू होते. आपल्याकडे जुलाबांवर घराघरात माहीत असलेलं हे औषध, सत्तरच्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियेत दाखल झालं.

आता या गोष्टीतला मला अस्वस्थ करणारा भाग.

1977 मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत आदल्या दिवशी निओमायसिन आणि एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या दिलेल्या रुग्णांत जंतुसंसर्गाच्या गुंतागुंती 9 टक्के होत्या. नुसत्या खोट्या गोळ्या दिलेल्यांत 43 टक्के. तरीही नव्या चाचण्या होतच राहिल्या आणि त्यांत काही रुग्णांना प्रतिबंधक औषध न देता तुलना सुरूच राहिली. 1981 साली बॉम, चामर्स आणि सहकाऱ्यांनी 1965 ते 1980 मधल्या 26 चाचण्या एकत्र मांडल्या. औषधाविना संसर्ग 36 टक्के, औषधासह 22. मृत्यू 11.2 टक्के, आणि औषध दिल्यावर 4.5. त्यांनी स्पष्ट लिहिलं की यापुढे कुणालाही औषधाविना ठेवून तुलना करणं समर्थनीय नाही.

थोडं थांबून विचार करा. आकडे विखुरलेले होते, पण होते. कुणी वेळेत बेरीज केली असती तर त्यातली काही माणसं घरी गेली असती. तेव्हा कुणी वाईट नव्हतं; प्रत्येकजण फक्त आपली चाचणी बघत होता.

पुढे 1992 मध्ये अमेरिकेत विविध शस्त्रक्रियांच्या 2,847 रुग्णांची नोंद तपासली गेली. चिरा देण्याआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांत जखमेचा संसर्ग 0.6 टक्के, त्याहून खूप आधी मिळालेल्यांत 3.8. म्हणजे फार लवकरही नको! आज जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-यादीत, चिरा देण्याआधी मोठ्यानं विचारायचा प्रश्न आहे: गेल्या 60 मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का?

आणि नंतर? 2016 च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की केवळ प्रतिबंध म्हणून ऑपरेशननंतर ते लांबवू नका. (आधीच पू झालेला असेल, अपेंडिक्स फुटलेलं असेल तर तो उपचार, त्याची गोष्ट वेगळी.)

आत्याला घरी सोडताना माझ्या चुलतभावानं कागद उलटसुलट करून पाहिला. "डॉक्टर, अँटिबायोटिक लिहायचं राहिलं का?" डॉक्टर म्हणाले, "नाही, तिचं काम ऑपरेशनच्या दिवशीच झालं."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, गाडीत बस, सांगतो. गिनीपिगपासून सुरुवात करावी लागेल.

भेटू पुढच्या भागात.