मातीचा हिशेब

सात-बाऱ्यावर पिकाची नोंद असते. पण मशागत कशी केली, याची नोंद कोण ठेवतो? अमेरिकेत तीही ठेवली गेली, आणि तिच्यामागे मोठी आपत्ती होती.

1930 नंतर तिथल्या मैदानी मुलखात पाऊस रुसला. कुरणे फोडून नांगरलेली जमीन उघडी पडली होती. ती वाऱ्याने उचलली. 14 एप्रिल 1935 रोजी तर दुपारीच काळोख झाला. त्याच महिन्यात मृदसंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू बेनेट त्या खात्याचे प्रमुख झाले.

पुढे अनुभवाने कळले, की धसकटे व पाचोळा शेतात राहू दिला म्हणजे माती धरून राहते. पण असे करतात किती जण? 1989 ते 2004 या काळात काउंटीवार, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागांतून, ही मोजणी झाली. अनेक ठिकाणी पेरणी उरकली की माणसे ठरलेल्या रस्त्याने मोटारीतून निघत, ठरावीक अंतरावर थांबत आणि दोन्ही बाजूंच्या शेतांत पीक कोणते, पाचोळा किती, हे टिपून घेत.

पाचोळा मोजायची रीत सोपी. 100 खुणांची दोरी तासांना तिरपी ताणायची. 30 किंवा जास्त खुणांखाली पाचोळा आला, तर ती माती राखणारी मशागत.

कचेरीत बसून अंदाजाने आकडा भरला, तर माती कागदावर राहते, शेतातून जातेच. गुरुजी, अशी दोरी मुलांकडून करून घ्या, आणि एकदा बांधावर जाऊन मोजून पाहा.