कोयनेलाची पुडी आणि जिन-टॉनिकची दंतकथा

उंच पेल्यात बर्फ, त्यावर एक भाग जिन, तीन भाग थंडगार टॉनिक आणि लिंबाची एक फोड. घरच्या घरी जमणाऱ्या मिश्रपेयांत याहून सोपे क्वचितच काही असेल. या पेयाबरोबर एक गोष्टही हमखास वाढली जाते. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकारी हिवतापाने बेजार झाले होते. त्यावरचे कोयनेल इतके कडू की घशाखाली उतरेना. तेव्हा त्यांनी ते सोड्यात विरघळवून त्यात साखर, लिंबू आणि जिन मिसळली, औषधाचे पेय झाले आणि साम्राज्य तगले. गोष्ट रंजक आहे आणि तिच्यातील एकेक पदार्थ खराही आहे. परंतु औषधाच्या इतिहासात सर्वांत आधी विचारायचा प्रश्न ती विचारत नाही. तो प्रश्न मात्रेचा आहे.

कोयनेल हे क्विनीनचे मराठीत रुळलेले जुने नाव. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उतारांवर वाढणाऱ्या सिंकोना वृक्षाच्या सालीत ते असते. जेझुइट धर्मोपदेशकांच्या हस्ते ही साल सतराव्या शतकात युरोपात पोहोचली. आपल्याकडे तापावर काडेचिराईत आणि गुळवेल यांचा काढा दिला जाई, तोही कडूच. मात्र सिंकोनाच्या सालीचा गुण वेगळा होता. ती थेट हिवतापाच्या परोपजीवीवर आघात करत असे. अर्थात असा परोपजीवी असतो, हेच त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. सालीच्या भुकटीत औषध किती उतरेल याचा भरवसा नसे. १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू या दोन औषधशास्त्रज्ञांनी सालीतून शुद्ध क्विनीन वेगळे केले आणि प्रथमच हे औषध तराजूत तोलून देता येऊ लागले. मात्रा लागू पडणे हा वाक्प्रचार हिवतापाच्या बाबतीत तेव्हापासून अक्षरशः खरा ठरला.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या सैन्याची संख्या वाढली आणि क्विनीनची निकडही वाढली. दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या महाग सालीवर विसंबून राहणे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या नेतृत्वाखाली १८६० मध्ये सिंकोनाची रोपे व बिया मिळवण्याची मोहीम निघाली. वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड स्प्रूस यांनी इक्वाडोरमधून लाल सालीच्या जातीच्या बिया व रोपे जमवली. निलगिरीत उटकमंड येथे विल्यम मॅकआयव्हर यांनी ती वाढवली. झाड न तोडता सालीच्या उभ्या पट्ट्या काढायच्या आणि उघड्या पडलेल्या खोडावर ओले शेवाळ बांधायचे, म्हणजे तेथे नवी साल धरते, ही युक्ती त्यांचीच. या मळ्यांसाठी कैद्यांचेही श्रम वापरले गेले. पूर्वेस दार्जिलिंगच्या डोंगरात मंगपू येथे दुसरे मोठे केंद्र उभे राहिले. महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथेही लागवड करून पाहण्यात आली, पण ती साधली नाही.

लाल सालीत एक अडचण होती. तिच्यात क्विनीन कमी आणि त्याची भावंडे म्हणता येतील अशी इतर अल्कलॉइडे अधिक होती. ती निरुपयोगी समजून टाकून द्यावीत की काय? याचा निवाडा करण्यासाठी १८६६ पासून मद्रास, मुंबई आणि कलकत्ता इलाख्यांत वैद्यकीय समित्यांनी रुग्णांवर चाचण्या केल्या. सालीतील चारही प्रमुख अल्कलॉइडे हिवतापावर जवळपास सारखीच परिणामकारक आहेत, असे त्यांतून दिसले. मोठ्या प्रमाणावर, तुलना करून औषध पारखण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांत या चाचण्यांची गणना करावी लागते. त्यांच्याच आधारे मंगपूच्या कारखान्यात १८७० च्या दशकात मिश्र अल्कलॉइडांची स्वस्त भुकटी तयार होऊ लागली. शुद्ध क्विनीनपेक्षा ती ओबडधोबड होती, परंतु गरिबाच्या आवाक्यात येण्याजोगी होती.

मग या सर्व घडामोडींत टॉनिक कोठे होते? ते लंडनमध्ये जन्मले. १८५८ मध्ये इरॅस्मस बाँड या व्यावसायिकाने वायुमिश्रित टॉनिक पेयाचे एकस्व घेतले. भूक वाढवणारे, अंगात तरतरी आणणारे पेय अशी त्याची ओळख होती. जिन आणि टॉनिक यांचा एकत्र उल्लेख असलेला सर्वांत जुना ज्ञात मजकूर १८६८ चा आहे आणि तो एखाद्या वैद्यकीय अहवालातील नाही. ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझीन’ या नियतकालिकातील सियालकोटच्या घोड्यांच्या शर्यतीच्या वर्णनात तो सापडतो. शर्यत संपल्यावर मंडळी ब्रँडी-सोडा आणि चिरूट यांच्याबरोबर जिन-टॉनिकचाही पुकारा करत आहेत. दोन वर्षांनी श्वेप्स कंपनीने ‘इंडियन’ हे विशेषण लावून आपले क्विनीन टॉनिक बाजारात आणले. तात्पर्य, हे मिश्रण प्रथम दिसते ते करमणुकीच्या मैदानावर. हिवताप टाळण्यासाठी सैनिकांना व खलाशांना क्विनीन मोजून दिले जाई; ते पुष्कळदा शेरीसारख्या मद्यात मिसळलेले असे आणि ते घेणे हा शिस्तीचा भाग असे.

आता मात्रेचा हिशेब मांडून पाहावा. आज अमेरिकेत टॉनिकमध्ये क्विनीनचे प्रमाण एका लिटरला ८३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा आहे. ही कमाल पातळी धरली तरी २०० मिलिलिटरच्या बाटलीत १७ मिलिग्रॅमहून कमी क्विनीन येते. हिवतापाच्या उपचारात प्रौढ रुग्णाला क्विनीन द्यावयाचे झाले तर साधारणपणे ६०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस दिले जाते. एवढे औषध टॉनिकमधून मिळवायचे तर दिवसाला २१ लिटरांहून अधिक टॉनिक प्यावे लागेल. एकास तीन या मापाने त्यात जिन मिसळली, तर ती सात लिटरांच्या पुढे जाईल. हिवतापाला हात लावण्यापूर्वीच अशा पिणाऱ्याचा अंत होईल. जुन्या काळी टॉनिकमधील क्विनीनचे प्रमाण उत्पादकागणिक बदलत असे; ते आजच्या दुप्पट-तिप्पट धरले तरी निष्कर्ष बदलत नाही.

या बाटलीशेजारी एक कागदी पुडी ठेवून पाहिली, म्हणजे इतिहासाची खरी बाजू दिसते. १८९२ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज किंग यांनी बंगालमधील टपाल कचेऱ्यांतून क्विनीन विकण्याची पद्धत सुरू केली. पाच ग्रेनची एक पुडी, किंमत एक पैसा. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. पाच ग्रेन म्हणजे सुमारे ३२५ मिलिग्रॅम. आजच्या कमाल मर्यादेच्या जवळजवळ २० टॉनिक बाटल्यांत मिळून असेल तेवढे क्विनीन त्या एका पुडीत होते. जेथे डॉक्टर नव्हता, दवाखाना नव्हता, तेथेही टपाल कचेरी होती. औषध पोहोचवण्यासाठी तिचा उपयोग करावा, ही कल्पना साधी आणि दूरदर्शी होती. पुडीच्या तळाशी साखर नव्हती आणि लिंबूही नव्हते. कोयनेल कडूच गिळले जाई, आणि ‘कोयनेलासारखे कडू’ ही उपमा भाषेत उरली ती त्यामुळेच.

तरीही देशाच्या गरजेपुढे हा पुरवठा तोकडा होता. बोलिव्हियात मान्वेल इंक्रा मामानी या स्थानिक जाणकाराने इंग्रज व्यापारी चार्ल्स लेजर यांच्यासाठी गोळा केलेल्या बियांपैकी काही १८६५ मध्ये डच सरकारने विकत घेतल्या. त्यांतून जावा बेटावर क्विनीनने विलक्षण समृद्ध अशी जात तयार झाली आणि १९३० च्या दशकापर्यंत जगातील क्विनीनचा ९० टक्क्यांहून अधिक पुरवठा जावातून होऊ लागला. १९४२ मध्ये जपानने जावा जिंकले आणि हा झरा एका फटक्यात आटला. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. भुकेने खंगलेल्या शरीरांवर हिवतापाने झडप घातली, लोक मोठ्या संख्येने दगावले आणि क्विनीन पुरेसे मिळाले नाही. ज्या प्रांतात मंगपूचा कारखाना होता, त्याच प्रांतात हे घडले. जिन-टॉनिकच्या गोष्टीत या मृत्यूंना जागा नसते.

दंतकथा निरुपद्रवी असती तर तिची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. २०२० मध्ये करोनाची साथ पसरली आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची चर्चा सुरू झाली, तेव्हा टॉनिक प्यायल्याने संसर्ग बरा होतो अशी अफवा अनेक देशांत फिरली. क्विनीन आणि ते औषध ही वेगवेगळी द्रव्ये आहेत आणि टॉनिकमधील क्विनीन नगण्य आहे, या दोन्ही गोष्टी त्या अफवेने पुसून टाकल्या. ‘पूर्वी औषध म्हणूनच पीत असत’ ही जुनी समजूत अशा अफवेला आयता आधार पुरवते. आज हिवतापावर आर्टेमिसिनिनवर आधारलेली संयुक्त औषधे आणि क्लोरोक्विन यांचा वापर रोगाच्या प्रकारानुसार केला जातो. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत परोपजीवी पाहिला, तेव्हापासून या रोगाशी लढण्याची दुसरी वाटही खुली झाली. भारताने २०३० पर्यंत हिवतापाच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर रक्ततपासणी, योग्य औषध, मच्छरदाणी आणि डासांचा बंदोबस्त यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

औषधाचा मुलामा उतरवल्यावर पेल्यात जे उरते, तेही विज्ञानाच्या दृष्टीने कमी रोचक नाही. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारी सुमारे २५ प्रकारची ग्राहके आहेत; वनस्पतींतील विषारी अल्कलॉइडे वेळीच ओळखण्यासाठी ती उत्क्रांत झाली असावीत, असे मानले जाते. म्हणूनच लिटरभर पाण्यातले काही मिलिग्रॅम क्विनीनही जिभेला जाणवते. घरी चव पारखायची असेल तर आधी नुसते थंड टॉनिक चाखावे. मग जिनमध्ये तितकेच पाणी घालून तिचा वास घ्यावा. भारतातील जिन सहसा ४२.८ टक्के मद्यार्काची असते. पाण्याने ती निम्म्यावर आली की मद्यार्काचा झणका ओसरतो आणि जुनिपरच्या फळांचा राळेसारखा गंध मोकळा होतो. या फळांना आयुर्वेदात हपुषा म्हणतात. त्यानंतर दोन्ही एकत्र करावी. एकास तीन या मापात मद्यार्क १०.७ टक्क्यांवर येतो. सारे घटक आधीपासून थंड असावेत, कारण थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड अधिक काळ विरघळून राहतो आणि पेय लवकर निवत नाही.

एक प्रयोग तर जिनशिवायही करता येतो, त्यामुळे घरातील मुलांनाही त्यात सामील करून घेता येते. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली अंधारात टॉनिकचा पेला धरला की तो निळसर उजळतो. क्विनीनच्या द्रावणातील ही निळाई जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये नोंदवली आणि १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी तिचा उलगडा केला. प्रतिदीप्तीच्या अभ्यासाला त्यातूनच दिशा मिळाली. या पेल्यात मीठ टाकून ढवळले की उजेड मंदावतो, कारण मिठातील क्लोराइड आयन क्विनीनची प्रतिदीप्ती शमवतात. दुसऱ्या पेल्यात चिमूटभरच मीठ घालून चाखले तर कडवटपणाही उणावलेला जाणवतो. ते काम सोडियमचे, आणि ते जिभेवर घडते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. टॉनिकमध्ये शीतपेयांसारखीच साखर असते, हे मधुमेही व्यक्तींनी विसरू नये. क्विनीनची अधिहर्षता असलेल्या माणसाच्या रक्तातील बिंबाणू टॉनिकमधील अल्प क्विनीननेही धोकादायक पातळीपर्यंत घटल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. अशांनी टॉनिकला स्पर्शही करू नये. आणि अंगात थंडी वाजून ताप भरला, तर पेल्याकडे न वळता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. ही तपासणी आज सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते, म्हणजे जॉर्ज किंग यांच्या पुडीपेक्षाही एका पैशाने स्वस्त.