फ्रीजरमधली हार्ड डिस्क

हार्ड डिस्क बिघडली की कोणीतरी हमखास सांगतं, "रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, चालू होईल." हा उपाय आला कुठून, आणि त्याची जागा कशाने घेतली, ते आज बघू.

सुरुवात १९५६ ची. आयबीएमने रॅमॅक हे मशीन आणलं. त्यात २४ इंची ५० तबकड्या, वजन टनभर, आणि मावायची ५० लाख अक्षरं. आज तुमच्या फोनमधला एखादाच फोटो बसेल त्यात! मशीन भाड्याने मिळायचं, बिघडलं की कंपनीचा माणूस यायचा. घरी रिकव्हरी हा प्रकारच नव्हता.

१९७३ च्या 'विंचेस्टर' डिस्कपासून हेड बंद होताना तबकडीवरच टेकायला लागलं. पुढे घरोघरी आलेल्या छोट्या डिस्कमध्ये तबकड्या इतक्या गुळगुळीत झाल्या की कधी कधी हेड चिकटूनच बसायचं. दोन ओल्या काचा चिकटतात ना, तसं. मोटर जोर लावते, तबकडी हलत नाही. याला म्हणतात स्टिक्शन. मग लोक डिस्कला हिसका द्यायचे, टिचक्या मारायचे, गार करायचे. धातू आकसला की पकड सुटेल, हा हिशोब. कधीकधी सुटायचीही. सुटली की गोष्ट गावभर. नाही सुटली तर कोण सांगत बसतंय?

नंतर हेड बाजूच्या रॅम्पवर विसावायला लागलं. आजार बहुतेक गेला, औषध मात्र राहिलं. आणि आता ते घातक आहे. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं, आणि हेड तबकडीच्या वर जेमतेम काही नॅनोमीटर उडत असतं.

खरा बदल २००४ मध्ये आला. आंतोनियो दियाझ दियाझ यांनी ग्नू डीडीरेस्क्यू लिहिलं. युनिक्सची जुनी डीडी कमांड खराब सेक्टर लागला की थांबते. हे उलटं करतं. पुराचं पाणी घरात शिरलं की आपण आधी दाराजवळचं सामान काढतो, अडकलेलं कपाट नंतर. तसंच! अडलं की पुढे उडी, सोपं ते सगळं दुसऱ्या डिस्कवर, मग राहिलेले कोपरे कुरतडायचे. काय झालं, काय राहिलं याची वही ते ठेवतं, त्यामुळे लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे. इंजिनिअर म्हणून मला ही वही सगळ्यात आवडते.

आमच्याकडे बाबांची ५०० जीबीची डिस्क गेल्या उन्हाळ्यात अशीच रखडायला लागली. त्यात आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, दुसरी कॉपी नाही. आजी आता नाही. बाबा म्हणाले, "अरे, फ्रीजर रिकामा आहे." मी टेबल फॅन लावला आणि डीडीरेस्क्यू सुरू केलं. बहुतेक डेटा पहिल्याच रात्री आला, उरलेल्यासाठी चार दिवस गेले. ओव्या मिळाल्या. एका ओवीत मधेच तीन सेकंद शांतता आहे.

आमची डिस्क खट् खट् करत नव्हती, म्हणून हे जमलं. तो आवाज आला तर प्लग काढा. बहुधा हेडच गेलेलं असतं, आणि प्रत्येक फेरीला तबकडी खरवडली जाऊ शकते. मग काम क्लीन रूमचं.

तिथे काय होऊ शकतं? २००३ मध्ये कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला ज्यात होत्या ते. मलब्यात एक जळकी डिस्क सापडली. तबकड्या रसायनाने धुऊन दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या, आणि ९९ टक्के डेटा वाचला. झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचा पेपर २००८ मध्ये छापून आला.