जास्तीची वीज जाते कुठे?

दुधनी स्टेशन ज्या मुंबई–रायचूर मार्गावर आहे, तो १८७१ साली मद्रास रेल्वेला जाऊन मिळाला. डब्यांत विजेचे दिवे आले ते नंतर. डब्याखाली डायनामो असे आणि चाकांचा आस पट्ट्याने तो फिरवी. पण गाडी भरधाव निघाली की गरजेपेक्षा जास्त वीज तयार होणार. मग बॅटरीचे काय? १८९०च्या दशकात लंडनच्या जे. स्टोन कंपनीने गमतीदार तोड काढली. डायनामो असा टांगला, की ओढ ठरावीक मर्यादेबाहेर गेल्यावर पट्टा घसरावा. जादा शक्ती घर्षणाने उष्णता होऊन जाई. म्हणजे पट्टा तापणे हा बिघाड नव्हे, तेच त्याचे काम!

दुधनीत होडी कुठली, म्हणाल. पण होडीच्या मागे बसवायच्या इंजिनातही हाच पेच आहे. एव्हिनरूड यांनी १९०९मध्ये अमेरिकेत असे इंजिन बाजारात आणले. बॅटरी भरण्याची सोय त्यात बरीच पुढे आली. तिथे फिरत्या चाकात कायमचुंबक असतात. त्यांचा जोर कमी करता येत नाही, म्हणून बॅटरी भरली तरी वीज बनतच राहते. अनेक इंजिनांतला रेग्युलेटर ती थायरिस्टरमधून पुन्हा गुंडाळीतच वळवतो. वाटेत दोनेक व्होल्ट खर्च होतात. प्रवाह २० अँपिअर असेल तर उष्णता ४० वॉट, जवळजवळ डाग देण्याच्या कावियाएवढी!

तेव्हा हात पोळला म्हणून रेग्युलेटर फेकू नये. इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टमीटर लावावा. साडेचौदाच्या आसपास आकडा स्थिर असेल तर नियमन ठीक. मग रेग्युलेटर धातूवर घट्ट बसला आहे का आणि खाऱ्या हवेने तारांचे जोड गंजलेत का, ते पाहावे. आकडा पंधराच्या वर चढत राहिला, तर दोष रेग्युलेटरकडे असू शकतो.