जुन्नर-आंबेगाव परिसरातील जिल्हा बँकेच्या शाखा : पतपुरवठ्याचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचे पश्चिमेकडील डोंगराळ पट्टा आणि पूर्वेकडील सपाट, बागायती प्रदेश असे दोन भाग पडतात. पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या स्थानिक शाखांचा इतिहास या भेदाशी कसा निगडित आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

या भागातील कर्जाचा प्रश्न बँकेहून जुना आहे. 1873 मध्ये जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले यांनी सावकारांविरुद्ध बंड केले. 1876 मध्ये ते पकडले गेले. दरम्यान 1875 मध्ये सुपे येथे दंगा उसळला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कायद्याने सावकाराला लगाम घातला, परंतु पर्यायी कर्ज उपलब्ध झाले नाही. 1904 च्या कायद्याने गावोगाव सहकारी पतसंस्थांना, तर 1912 च्या कायद्याने मध्यवर्ती बँकांना मान्यता मिळाली. त्यानंतर 1917 मध्ये पुण्याची मध्यवर्ती बँक स्थापन झाली. तरीही 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीनुसार शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा सुमारे 3 टक्केच होता.

शाखा, सोसायटी आणि पाणी

जिल्हा बँकेची शाखा पीककर्ज प्रामुख्याने गावच्या विविध कार्यकारी सोसायटीमार्फत देते. कर्जाची मर्यादा पीक व क्षेत्र यांवरून ठरते. त्यामुळे एकरी ऊस घेणाऱ्यास मिळणारे कर्ज भात किंवा नाचणी पिकविणाऱ्यापेक्षा साहजिकच मोठे असते. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांनी पूर्वेकडे बागायत वाढविली. विघ्नहर व भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि उसाच्या बिलातून कर्ज कापून घेण्याच्या पद्धतीने वसुलीही सुलभ झाली. मंचर, नारायणगाव, ओतूर येथील शाखांमागे अशी बाजारपेठ व बागायत उभी होती.

पश्चिमेकडील महादेव कोळी समाजाच्या वाट्याला मात्र याची दुसरी बाजू आली. डिंभे जलाशयात जुने आंबेगाव व लगतच्या जमिनी गेल्या, पाणी खाली वाहत गेले आणि पतही पाण्यामागे गेली. भात, नाचणी व हिरडा हेच ज्याचे उत्पन्न, त्याला सोसायटीच्या कर्जाने वर्ष काढता येत नसे. पावसाळ्यातील धान्याच्या टंचाईत तो पुन्हा व्यापाऱ्याकडे जाई. ही उणीव भरून काढण्यासाठी 1972 मध्ये स्थापन झालेल्या आदिवासी विकास महामंडळाला वनोपज खरेदी व खावटी कर्जाचा वेगळा मार्ग काढावा लागला.

निष्कर्ष

शाखांच्या संख्येवरून पतपुरवठ्याची व्याप्ती ठरविणे अपुरे आहे. पूर्व भागात शाखेने सावकाराची पकड सैल केली. ज्या डोंगरात सावकारीविरुद्ध बंड झाले, तेथे मात्र सहकारी पत सर्वांत उशिरा व सर्वांत अपुरी पोहोचली. बँकेच्या इतिहासात ठेवी व शाखा यांच्याबरोबरच या अंतराचीही नोंद व्हावयास हवी.