शून्य गुणांची गाडी

आयटीतल्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी दुसऱ्याने लिहिलेला, चार मालकांच्या हातून गेलेला कोड येतोच. आज जिच्याबद्दल लिहितोय ती गाडी अगदी तशीच होती. फोर्स इंडिया व्हीजेएम-०१. ७ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत, गेटवे ऑफ इंडियापाशी तिच्यावरचा पडदा उठला. फॉर्म्युला वनमध्ये भारताचं नाव लावून संघ उतरणार, म्हणून आपल्याकडे कोण कौतुक!

आता तिची वंशावळ बघा. १९९१ मध्ये एडी जॉर्डनचा संघ फॉर्म्युला वनमध्ये आला. २००६ मध्ये तो मिडलँड झाला, २००७ मध्ये स्पायकर, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात विजय मल्ल्या आणि मिखिएल मॉल यांनी तो ८ कोटी ८० लाख युरोंना घेतला. पाट्या बदलत गेल्या, कारखाना मात्र तोच, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनचा. कोऱ्या कागदावर गाडी काढायला वेळच नव्हता, म्हणून स्पायकरचीच गाडी सुधारून घेतली. मागे फेरारीचं २.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, तांत्रिक प्रमुख माईक गॅस्कॉइन, ड्रायव्हर फिसिकेला आणि सुटिल.

फेरारीचंच इंजिन म्हणजे मग काय पाहिजे, असं वाटतं ना? पण त्याच वर्षी फेरारी संघांमध्ये पहिली आली आणि फोर्स इंडियाला १८ शर्यतींत एकही गुण नाही. कारण खरी शर्यत वळणांवर असते. पंख आणि गाडीचा तळ यांच्या आकारामुळे हवा गाडीला खाली रस्त्यावर दाबते. दाब जास्त तर वळणावर वेग जास्त, पण सरळ रस्त्यावर तीच हवा मागे ओढते. हे गणित जुळवायला विंड टनेलमध्ये महिनेच्या महिने घालवावे लागतात, आणि नेमके तेच महिने ह्या लोकांकडे नव्हते.

तरी एकदा घास अगदी तोंडाशी आला होता. मे महिन्यात मोनॅकोला पाऊस पडला. निसरड्या, अरुंद गल्ल्यांत चांगल्या-वाईट गाड्यांमधला फरक पुसट होतो. सुटिल मागून येत येत चक्क चौथा! शेवटचे थोडे लॅप उरले असताना बोगद्यातून बाहेर पडलेल्या रायकोनेनचा ताबा सुटला आणि त्याची फेरारी मागून येऊन धडकली. पाच गुण गेले. सुटिल रडला.

मग २००९ साठी नियमच बदलले. नोव्हेंबर २००८ मध्ये संघाने मर्सिडीजचं इंजिन आणि मॅक्लारेनचा गिअरबॉक्स घ्यायचं ठरवलं, म्हणजे गाडीची मागची बाजू पुन्हा नव्याने आखणं आलं. ह्या व्हीजेएम-०२ ला हवेचा अडथळा कमी होता. त्यामुळे लांब सरळ रस्ते असलेल्या बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर ३० ऑगस्टला फिसिकेला सर्वात पुढून सुटला. रायकोनेनच्या फेरारीत ब्रेकची ऊर्जा साठवून वापरणारी केर्स होती, फिसिकेलाकडे नव्हती. तिच्या जोरावर रायकोनेन पुढे गेला, पण शेवटी दोघांत एक सेकंदाचंही अंतर नव्हतं. संघाचे पहिले आठ गुण!

पण ही गाडी आपली होती का? मी मूळचा चंद्रपूरकडचा. आमच्या भागात सूरजागडच्या लोहखनिजाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : दगड आमचा, पण कारखाना कुठे? इथे सगळं उलटं. नाव आपलं, झेंड्याचे रंग आपले, पण आरेखन, विंड टनेल आणि शिकलेले हात सगळे तिकडचे. चालक इटालियन आणि जर्मन. मोनॅकोत जे चुकलं आणि स्पात जे जमलं, त्या अनुभवाची शिदोरी सिल्व्हरस्टोनलाच राहिली.

२०१८ मध्ये संघ कर्जात बुडाला, लॉरेन्स स्ट्रोलच्या गटाने तो विकत घेतला आणि भारताचं नाव गेलं. २०२१ पासून तिथे अ‍ॅस्टन मार्टिनची पाटी आहे. पाटी काढायला फार वेळ लागत नाही. म्हणून पुढच्या वेळी गेटवेवर एखादा पडदा उठला, तर आधी विचारा : कारखाना कुठे आहे आणि त्यात आपली किती पोरं शिकताहेत?